आईचा सीए-१२५ आणि आईला न सांगितलेली गोष्ट

पत्र थोडक्यात : लेखिका छत्तीस वर्षांच्या, ठाण्यात नोकरी करतात. आई-वडील सातारा जिल्ह्यात गावी राहतात. आई एकसष्ट वर्षांची, वजन जास्त, मधुमेह आहे. पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर तिला अंगावरून लाल जायला लागलं. तिने ते तीन महिने कोणाला सांगितलं नाही. तपासणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला. दीड वर्षापूर्वी पुण्यात शस्त्रक्रिया झाली, पिशवी, नळ्या आणि दोन्ही अंडाशय काढले. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे : एंडोमेट्रिऑइड प्रकार, ग्रेड १, स्टेज १ए, ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह. केमो किंवा रेडिएशन लागलं नाही. ऑपरेशनआधी सीए-१२५ हा ट्यूमर मार्कर (काही कर्करोगांत रक्तात वाढणारं प्रथिन) १७ होता. गावातल्या लॅबचा मुलगा दर महिन्याला घरी येऊन रक्त नेतो; शेवटचे पाच आकडे १२, १९, १५, २४ आणि २७. डॉक्टर म्हणतात, ही तपासणी करू नका. आईला प्रवासाचा त्रास नको म्हणून गेल्या दोन वेळा तिला न नेता फक्त रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला. शेजारच्या काकूंना स्तनाच्या कर्करोगानंतर पाच वर्षं हार्मोनची गोळी दिली होती. ‘आमचाही रिपोर्ट हार्मोन पॉझिटिव्ह आहे, मग आईला गोळी का नाही? डॉक्टर बेफिकीर आहेत का? बदलू का?’ आईला ‘कॅन्सर’ हा शब्द सांगितलेला नाही, कारण मामा पंचेचाळिशीत आतड्याच्या कॅन्सरने गेले, तेव्हापासून तिने त्याची धास्ती घेतली आहे.

नमस्कार.

तुमच्या पत्रात आईच्या सीए-१२५चे आकडे तारखांसकट आहेत. तिच्या साखरेचा मात्र एकही आकडा नाही. मधुमेह आहे एवढं लिहून तुम्ही पुढे गेलात. त्याकडे नंतर येते, पण पत्र वाचताना पहिल्यांदा नजरेत भरलं ते हे.

आधी डॉक्टरांबद्दल. मी आईला तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचाच. पण तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून उपचारात काही राहिलं आहे असं मला दिसत नाही. ग्रेड १ म्हणजे पेशींचं रूप फार बिघडलेलं नाही. १ए म्हणजे गाठ गर्भाशयातच होती आणि स्नायूत शिरली असली तरी निम्म्या जाडीच्या आत. अशा वेळी बहुतेकींना शस्त्रक्रियाच पुरते आणि पाच वर्षांनंतरही शंभरातल्या नव्वदहून जास्त जणी हयात असतात. केमो-रेडिएशन दिलं नाही याचा अर्थ ‘काहीतरी बाकी ठेवलं’ असा आपल्याकडे सहज लावला जातो. ती चांगली बातमी होती, पण तुम्हाला ती कोणी तशी सांगितलेली दिसत नाही. डॉक्टरांवर माझा आक्षेप असलाच तर एवढाच, की त्यांनी ‘ही तपासणी नको’ म्हटलं आणि का नको ते सांगितलं नाही.

ते मी सांगून बघते. सीए-१२५ शोधणारी अँटिबॉडी १९८१ साली अमेरिकेत रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. त्यांच्या डोळ्यांसमोर होता अंडाशयाचा कर्करोग. लॅबच्या कागदावर उजवीकडे छापलेली पस्तीसची मर्यादाही त्यांच्याच १९८३च्या अभ्यासातली. वरवर निरोगी असलेल्या ८८८ जणांपैकी एक टक्का लोकांचा आकडा पस्तीसच्या वर होता, तर अंडाशयाचा कर्करोग असलेल्या १०१ जणींपैकी ८३ जणींचा. म्हणजे तुम्ही दर महिन्याला ज्या रेघेकडे धडधडत्या छातीने बघता, ती आईच्या आजारासाठी आखलेलीच नव्हती.

शिवाय हे प्रथिन फक्त कर्करोगच सोडतो असं नाही. पोटाच्या किंवा छातीच्या आतल्या आवरणाला सूज आली, पाणी झालं की ते वाढतं. यकृताच्या आजारात वाढतं, हृदय कमजोर झाल्यावर वाढतं, तरुण मुलींमध्ये पाळीच्या दिवसांत आणि एंडोमेट्रिऑसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो त्या आजारात) वाढतं. पोटाच्या टीबीत तर ते शेकड्यांत जातं. अंडाशयाचा कर्करोग म्हणून पोट उघडावं आणि आत टीबी निघावा, हा अनुभव आपल्याकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना नवा नाही.

गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात या तपासणीचा खरा उपयोग ऑपरेशनच्या आधी होतो. आकडा बराच जास्त असेल तर रोग पिशवीबाहेर पोचला असण्याची शंका येते आणि शस्त्रक्रियेची आखणी त्याप्रमाणे होते. सुरुवातीला जास्त होता आणि गाठ काढल्यावर खाली आला, अशा बाईच्या बाबतीत पुढेही तो पाहण्यात अर्थ असतो. सीरससारख्या आक्रमक प्रकारात काही डॉक्टर तो पाहतातही. तुमच्या आईचा आकडा गाठ पोटात असतानाच १७ होता. गाठ होती त्या दिवशीही या तपासणीला ती दिसली नव्हती, मग आता नसलेल्या गाठीबद्दल ती काय सांगणार?

‘पण १२ वरून २७?’ कुठलाही आजार नसताना एकाच माणसाचा आकडा असा खालीवर होतो. तुमच्याच यादीत १९ नंतर १५ आहे. लॅब बदलली, यंत्र बदललं, किट बदललं तरी फरक पडतो आणि दोन लॅबचे आकडे शेजारी मांडून तुलना करता येत नाही. आता एक सावधगिरीची गोष्ट. आकडा सलग चढत पस्तीसच्या पार गेला तरी सोडून द्या, असं मी म्हणत नाही. हे पाचही आकडे पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. पुन्हा करायचा का, किती दिवसांनी, कुठल्या लॅबमध्ये, हे त्यांना ठरवू द्या. तोवर लॅबच्या मुलाला ‘येऊ नकोस’ असा निरोप द्या.

तुमच्या काळजीच्या मुळाशी एक गृहीत आहे : जितकं लवकर कळेल तितकं बरं. ऐकायला ते बिनतोड वाटतं. जिथे हा मार्कर खरोखर चालतो त्या अंडाशयाच्या कर्करोगात हे गृहीत तपासून पाहिलं गेलं. ब्रिटन आणि युरोपमधल्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. केमो संपून बऱ्या झालेल्या, पण पुढे मार्कर वाढलेल्या ५२९ जणींचे दोन गट केले. एका गटाला आकडा वाढताच उपचार सुरू केले, दुसऱ्या गटाला लक्षणं दिसल्यावर. आयुष्य दोन्ही गटांना सारखंच मिळालं. पहिल्या गटातल्या बायकांना केमो मात्र कित्येक महिने आधी सोसावी लागली. तो आजार वेगळा, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा आईला लावता येणार नाही. तरी नुसता आकडा लवकर कळला म्हणून बाई जास्त जगेलच, हे तिथेही दिसलं नाही.

आता ज्याने मला खरोखर अस्वस्थ केलं त्याकडे येते. गेल्या दोन भेटींना आई गेलीच नाही.

हा आजार परतला तर बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत परततो. परतण्याची एक नेहमीची जागा म्हणजे योनीमार्गाचं वरचं टोक, पिशवी काढल्यावर टाके घालून बंद केलेला भाग. डॉक्टर त्याला व्हॉल्ट म्हणतात. आधी रेडिएशन न घेतलेल्या बाईला तिथे छोटी गाठ सापडली, तर रेडिएशनने ती पुष्कळदा पूर्ण बरी होते. तुमच्या आईने रेडिएशन घेतलेलं नाही, म्हणजे हे दार तिच्यासाठी उघडं आहे. पण ती गाठ सापडते आतून तपासल्यावर. एवढ्याशा गाठीने सीए-१२५ हलतोच असं नाही. रिपोर्ट व्हॉट्सॲपवरून जातो, ही तपासणी जात नाही. ज्या तपासणीचा उपयोग आहे ती टळली आणि जिचा नाही ती दर महिन्याला झाली, यात तुमची माया कमी पडली असं कोणी म्हणणार नाही. पण झालं ते असं. पुण्याची पहिली मिळेल ती तारीख घ्या. प्रवास खरंच जड जात असेल तर डॉक्टरांना विचारा, की एक भेट पुण्याला आणि मधली भेट साताऱ्यातल्या एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे अशी वाटणी चालेल का. अनेक डॉक्टर याला आनंदाने तयार होतात. काय बघायचं याची चिठ्ठीही लिहून देतात.

डॉक्टरांच्या दोन भेटींमध्ये मात्र आजाराची खबर फक्त आईच देऊ शकते. अंगावरून पुन्हा लाल किंवा घाण पाणी जाणं, ओटीपोटात किंवा कमरेत न थांबणारी दुखी, एकाच पायाला सूज, हटत नाही असा खोकला, पोट फुगणं, खाणं तेवढंच असून वजन उतरणं. ही यादी तुम्हाला पाठ असेल. तिला माहीत आहे का? तिच्या लेखी पिशवी गेली, विषय संपला. उद्या कपड्याला थेंबभर लाल दिसलं तर ती उष्णता झाली म्हणून धने-जिऱ्याचं पाणी घेईल, वर ‘पोरीला कशाला घोर’ म्हणून गप्प बसेल. मागच्या वेळी ती तीन महिने गप्प बसली होती, हे तुम्हीच लिहिलं आहे.

म्हणून आईला सांगा. मामांच्या आजाराने ती धसकली आहे, हे तुमचं कारण मला समजतं. पण तिच्या मनातला कॅन्सर म्हणजे मामांचा कॅन्सर, पंचेचाळिशीत माणूस नेणारा. कॅन्सर होऊन, ऑपरेशन होऊन, दीड वर्षांनी शेतावर फेरी मारून येणारी बाईही असते, हे तिला कधी समजणार? आणि तिला काहीच माहीत नाही, याची तुम्हाला तरी खात्री आहे का? कर्करोग रुग्णालयाची पाटी मराठीतही असते आणि वेटिंगच्या बाकावर शेजारी बसलेल्या बायका गप्प बसत नाहीत. पुष्कळ घरांत दोन्ही बाजूंना माहीत असतं आणि दोन्ही बाजू एकमेकींना जपत असतात.

भाषण करू नका, चार नातेवाईक जमवू नका. दोघीच असताना साध्या शब्दांत सांगा : ‘आई, पिशवीत गाठ होती ती कॅन्सरची होती. अगदी सुरुवातीची होती, सगळी काढली. मामाची होती तशी ही नव्हती. पण पुन्हा कधी अंगावरून काही गेलं तर त्याच दिवशी मला फोन करायचा, दुसऱ्या दिवशी नाही.’ ती रडेल, चिडेल, ‘मला का नाही सांगितलंस’ म्हणेल. बसून ऐका. अवघड वाटलं तर पुण्याच्या भेटीत डॉक्टरांच्या तोंडून सांगून घ्या, मात्र त्यांना आधी कल्पना द्या.

आता हार्मोनची गोळी. गर्भाशयाचं अस्तर इस्ट्रोजेनने वाढतं आणि प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं. पाळी गेल्यावर अंडाशयं थंडावतात, पण चरबीच्या पेशी थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतात आणि त्याला आवर घालायला प्रोजेस्टेरॉन उरलेलं नसतं. वजन जास्त असलेल्या बायकांत हा आजार जास्त दिसतो त्याचं एक मोठं कारण हे. अहवालातले ईआर आणि पीआर म्हणजे या दोन हार्मोन्सना प्रतिसाद देणारे पेशींमधले ग्राहक, म्हणजे रिसेप्टर. ते आहेत ही चांगली खूण आहे. पेशींनी आपला मूळ स्वभाव पुरता सोडलेला नाही. प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाने पसरलेला रोगसुद्धा काही जणींमध्ये ओसरतो, हे केली आणि बेकर या डॉक्टरांनी १९६१ सालीच लिहून ठेवलं. तेव्हा ही गोळी तुमच्या डॉक्टरांना माहीत नसेल ही शंका सोडा.

काकूंचा हिशेब वेगळा आहे. स्तनाच्या हार्मोन पॉझिटिव्ह कर्करोगात ऑपरेशननंतर पाच वर्षं गोळी घेतल्याने आजार परतण्याचं प्रमाण घटतं, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. गर्भाशयातही तसंच होईल असं डॉक्टरांनाही वाटलं होतं. ऑपरेशन झालेल्या हजारो बायकांना प्रोजेस्टेरॉन देऊन पाहिलं, सगळ्या चाचण्यांची बेरीज केली, आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. या औषधांनी वजन वाढतं, साखर वाढते, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. तुमच्या आईचं वजन आणि साखर आधीच चढी, म्हणजे तिच्या पदरात त्रास तेवढा पडायचा. आणि एक विचित्र गोष्ट : काकूंची गोळी टॅमॉक्सिफेन असेल, तर ती स्तनात इस्ट्रोजेनला अडवते आणि गर्भाशयाच्या अस्तराला मात्र इस्ट्रोजेनसारखीच चेतवते. पाळी गेलेल्या बाईत तिने या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. काकूंची पिशवी शाबूत असेल तर त्यांनाही सांगून ठेवा, अंगावरून लाल गेलं तर थांबायचं नाही.

ईआर-पीआरचा अहवाल मग वाया गेला का? अजिबात नाही, जपून ठेवा. आजार कधी परतला आणि सावकाश वाढणारा असला, तर मेजेस्ट्रॉल, मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, लेट्रोझोल ही औषधं कामी येतात. कधी मेजेस्ट्रॉल आणि टॅमॉक्सिफेन आलटून पालटूनही देतात. केमोचा मारा न करता काही जणींचे महिने, काही जणींची वर्षं त्यावर निघतात. हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या दुखण्यामुळे भूल देणंच धोक्याचं असलेल्या बाईला गोळ्या किंवा मिरेनासारखी हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू आत बसवून आजार आवरता येतो.

तिसरा प्रसंग तरुण वाचकांसाठी. पीसीओएस आहे, लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, पाळी महिनोन् महिने येत नाही, मग येते ती थांबत नाही, आणि क्युरेटिंगमध्ये हाच कर्करोग निघतो. अशा मुलीला पिशवी काढण्याआधी हार्मोनचा पर्याय असू शकतो. पण ग्रेड १ हवा, एमआरआयमध्ये रोग स्नायूत शिरलेला नसावा आणि दर तीन ते सहा महिन्यांनी पिशवीच्या आतला तुकडा काढून तपासण्याची तयारी हवी. २०१२ सालच्या एका मोठ्या आढाव्यात साधारण तीन-चतुर्थांश जणींचा रोग मागे हटला, त्यांच्यातल्या सुमारे चाळीस टक्के जणींमध्ये तो परत आला, आणि मूल हातात आलं ते शंभरातल्या अठ्ठावीस जणींच्या. हे तिन्ही आकडे सासर-माहेरच्या मंडळींसमोर एकदम ठेवावेत. पहिला ऐकून सगळे खूश होतात आणि उरलेले दोन त्या मुलीला एकटीला सोसावे लागतात. या उपचारावर असताना सीए-१२५ नॉर्मल आला म्हणून तुकडा तपासणं टाळणं अत्यंत धोक्याचं. मूल झाल्यावर पिशवी काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो, तोही आधीच समजून घ्यावा.

साखरेकडे येते म्हटलं होतं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या या कर्करोगातून उठलेल्या बायका पुढे त्या कर्करोगापेक्षा हृदयविकाराने जास्त जातात. वजन, मधुमेह, रक्तदाब ही तिन्ही कारणं दोन्हीकडे सामायिक आहेत. लॅबवाल्याला दर महिन्याचे जे पैसे देता, त्यात दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), रक्तदाब आणि वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल, किडनीची तपासणी आरामात बसेल. तुम्हाला आकडा टिपून ठेवायची सवय आहेच. हे आकडे टिपा. चालण्याने आणि जेवणातल्या बदलाने ते खाली आणता येतात.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेलाच नाही : मामा. आईला साठीच्या आसपास गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, तिचा सख्खा भाऊ पंचेचाळिशीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेलेला. तुम्ही ते आईच्या भीतीचं कारण म्हणून लिहिलंत. मी ते वेगळ्या कारणासाठी दोनदा वाचलं. १८९५ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या आल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टना त्यांच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई म्हणाली, आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर पिशवीच्या आजाराने जातात, मीही तशीच जाणार. पुढे ती गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगानेच गेली. वॉर्थिननी तिच्या घराण्याची नोंद ठेवली आणि १९१३ साली छापली. आज ज्याला लिंच सिंड्रोम म्हणतात त्याची ती पहिली नोंद. या आनुवंशिक दोषात डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी एमएमआर प्रथिनं नीट काम करत नाहीत, आणि त्यामुळे एकाच घरात मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग दिसू शकतो. गर्भाशयाच्या अस्तराच्या शंभर कर्करोगांमागे साधारण तीन असे असतात.

आईला ते आहेच असं नाही. पण ते तपासता येतं आणि तुम्ही पाठवलेल्या अहवालात एमएमआरचा उल्लेख मला दिसला नाही. आता तर या आजाराच्या प्रत्येक गाठीवर ही तपासणी करावी असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आईला पुन्हा सुई टोचायची गरज नाही. काढलेल्या गाठीचे मेणातले ब्लॉक रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात असतात. तिथेच होत असेल तर करून घ्या, नाहीतर ब्लॉक आणि स्लाइड मागून घेऊन मोठ्या केंद्रात द्या. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरचे ब्लॉक तपासायला नेहमीच येतात. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ अशी चार नावं अहवालात दिसतील. चारही शाबूत असतील तर लिंचची शक्यता बरीच कमी होते. तरी मामांची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला. एमएलएच१ हरवलेलं दिसलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा तो बदल फक्त गाठीपुरता असतो आणि आणखी एका तपासणीने ते कळतं. बाकी काही हरवलं असेल तर जनुकीय समुपदेशकांना भेटा आणि मग आईची रक्ताची तपासणी.

ती पॉझिटिव्ह आली तर दोष तुमच्यात उतरला असण्याची शक्यता निम्मी. असेल तर तुम्हाला दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करावी लागेल. त्यात कर्करोग होण्याआधीचे कोंब (पॉलिप) दिसले की तिथल्या तिथे काढता येतात. पिशवीबद्दलचे निर्णयही वेळेत घेता येतील. मामांची मुलं असतील तर त्यांनाही हे कळायला हवं. मामांचे जुने कागद मामींकडे असतील तर आतापासूनच मागून ठेवा. पुण्याच्या भेटीत डॉक्टर ते विचारतीलच.